पॅच वाचणारी माणसं

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट लिहायला घेतलं आणि त्याच वर्षी जुलैत ज्युनियो हमानो यांच्या हाती सोपवलं. आज जगभरातल्या प्रोग्रामरांचं रोजचं काम गिटवर चालतं. खुद्द गिटच्या कोडमध्ये बदल सुचवायला पदवी लागत नाही की कुणाची ओळख. अमरावतीच्या हॉस्टेलमधली किंवा अकोल्याच्या भाड्याच्या खोलीतली विद्यार्थिनीही पॅच, म्हणजे बदलाचा मसुदा, पाठवू शकते. मात्र तो पॅच कुणीतरी ओळ न ओळ वाचणार, हे तिनं गृहीत धरावं.

नवख्यांना सहसा मिळणारं एक काम पाहा. गिटच्या जुन्या चाचण्यांमध्ये फाइल आहे की नाही हे ‘टेस्ट -एफ’ लिहून तपासलेलं असतं. फाइल नसली की चाचणी नापास होते, पण कशामुळे ते कळत नाही. त्या जागी ‘टेस्ट_पाथ_इज_फाइल’ लिहिलं, तर कोणती फाइल सापडली नाही ते छापून येतं. काम एवढंच. पण तीच तपासणी एखाद्या ‘इफ’च्या अटीत असेल, तर तिथे फाइल नसणं ही चूक नसतेच, तिथे हात लावायचा नाही. सरसकट शोधा-आणि-बदला करून पाठवलेला पॅच नेमका इथे पकडला जातो. दुसरा प्रश्न कमिट मेसेजचा, म्हणजे बदलासोबत जोडलेल्या टिपणीचा. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते लिहा, असं सांगितलं जातं. मग दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती. स्वीकारलेला पॅचसुद्धा आधी ‘नेक्स्ट’ शाखेत राहतो, लोक तो वापरून पाहतात, आणि त्यानंतर ‘मास्टर’ या मुख्य शाखेत जातो.

याला कुणी किचकटपणा म्हणेल. वऱ्हाडाला तरी ही रीत परकी वाटू नये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेलं वाण थेट शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, अनेक हंगाम चाचण्या होतात. मग जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, राहुरी, परभणी, दापोलीचे शास्त्रज्ञ आकडे तपासतात, प्रश्न विचारतात. त्यातून तावून सुलाखून निघालं तरच शिफारस होते.

आपल्या इंजिनिअरिंगच्या वर्गांत मात्र बहुतेक ठिकाणी फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्ट आणि व्हायवावर निभावतो. डेमो चालला की गुण मिळाले. आतला कोड कुणी उघडतही नाही. चार वर्षं कोड लिहून ज्याचा कोड एकदाही कुणी वाचलेला नाही, त्या मुलाला पहिल्याच रिव्ह्यूतला इंग्रजीतला तुटक शेरा अपमानासारखा लागतो. काही शेरे खरोखरच रुक्ष असतात. शेरे लिहिणाऱ्यांनी भाषा सौम्य करावी, पण कस ढिला करू नये. आता तर यंत्रं मिनिटात पानंच्या पानं कोड लिहून देतात. लिहिणारे वाढले, वाचणारे तेवढेच राहिले. त्यामुळे नीट वाचता येणाऱ्या माणसाची किंमत वाढणारच.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे. यंदा प्रोजेक्टच्या गुणांतले काही गुण दुसऱ्या गटाचा कोड वाचून लिहिलेल्या शेऱ्यांसाठी ठेवा, आणि ते शेरे स्वतः वाचा.