परतीची वाट

दरवर्षी खंडेनवमीला आमच्या अंगणात एक मोटारसायकल धुतली जाई. तिला हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायची, चाकापुढे नारळ फोडायचा आणि मग ढकलतच तिला पुन्हा पडवीत न्यायचे. सुरू मात्र कोणी करीत नसे. पूजा वाढत गेली होती आणि चालणे थांबले होते.

ही गाडी माझ्या वडिलांची. राजदूत ३५०. एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाशी करार करून १९८३ साली ती आपल्याकडे बाजारात आणली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी. तशा वेगाची गाडी तेव्हा आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसे. पेट्रोलचा खर्च मोठा, म्हणून एका हौशी गृहस्थाने ती विकायला काढली आणि बाबांनी ती घेतली. पुढे बाबा, मधे मी, मागे दादा, असे आम्ही लोणारचे सरोवर पाहिले, सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहिले आणि एका उन्हाळ्यात अजिंठ्याची लेणीही पाहिली.

बाबा गेले. दादा नोकरीसाठी पुण्याला आणि मी इथे बुलढाण्याला. म्हणून गाडी माझ्याकडे राहिली. दादा एवढेच म्हणाला, "बाबांची गाडी आहे. जशी आहे तशी ठेव."

जशी आहे तशी! या तीन शब्दांनी मला पुढे फार छळले.

या गाडीला दोन कार्बुरेटर असतात. कार्बुरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते मिश्रण इंजिनाला पुरवणारे छोटे भांडे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र भांडे. मुठीपासून निघालेली एकच तार पुढे फुटते. दोन फाटे दोन कार्बुरेटरांना जातात आणि एक ऑइल पंपाला. मूठ पिळली की दोन्हीकडचे पडदे अगदी एकाच वेळी, सारखेच उचलले गेले पाहिजेत. केसभर फरक पडला तरी एक सिलिंडर राबतो आणि दुसरा रेंगाळतो. एकाला पेट्रोल कमी पडले तर त्याचा पिस्टन तापून जामही होतो. घरात दोन चुलींवर एकदम दूध ठेवले म्हणजे गृहिणीची जी तारांबळ होते, तीच इथे हाताची होते.

एकदा मी हौसेने ती मोताळ्यापर्यंत नेली. येताना राजूरच्या घाटात एक बाजू बसली. उरलेला चढ मी गाडी ढकलत, बाबांची क्षमा मागत चढलो. दोष गाडीचा नव्हता. वयाचा, धुळीचा आणि वर्षानुवर्षे उभे राहण्याचा होता.

मिस्त्रीने दोन्ही कार्बुरेटर हातावर घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, घासले हे. किती बी जुळवा, महिन्याभरात पुन्हा बिनसतील. एकच लावू, जरा मोठा. दुफाटी नळी करून देतो."

"एकाने दोघांचे भागेल?" मी विचारले.

"भागते ना! दोघं एकदम कुठं श्वास घेतात?"

माझे विज्ञान मॅट्रिकपर्यंतचे, पण हे मला पटले. या इंजिनात दोन्ही पिस्टन उलटसुलट चालतात. एक वर तेव्हा दुसरा खाली. म्हणून त्यांचे श्वास आळीपाळीने येतात. एका विहिरीवर दोन भावांचे ओलित पाळीने चालावे, तसेच हे. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या दोन सिलिंडरांच्या ३५० ला एकच कार्बुरेटर असे. इंग्लंडच्या ट्रायम्फने १९५९ साली दोन कार्बुरेटरांची बॉनव्हिल काढली, तरी एका कार्बुरेटरची टीआर६ ही तिची बहीण विकणे थांबवले नाही. वेगाची शेवटची झेप हवी त्याने दोन घ्यावेत. रोज निवांत जायचे त्याला एक पुरतो.

पण माझा प्रश्न यंत्राचा नव्हता. वडिलांची वस्तू मुलाने बदलावी का? जपणे म्हणजे जशीच्या तशी ठेवणे, की चालती ठेवणे?

आमच्या आजीचे चांदीचे तोडे खामगावच्या सराफाकडे मोडले, त्यातून नातींसाठी पैंजण झाले. चांदी घरातच राहिली, पायांत खेळलीही. पण ते तोडे आता ब्रह्मदेवालाही परत आणता यायचे नाहीत. तेव्हा मी मनाशी एक नियम ठरवला. वारसा वापरावा, वापरासाठी बदलावाही. पण मागून येणाऱ्याला तो पहिल्यासारखा करता येईल, एवढी वाट ठेवावी. आपण मालक असतो ते केवळ आपल्या पाळीपुरते.

मिस्त्रीला स्वस्तात काम उरकण्यासाठी मूळचा हवेचा डबा कापायचा होता. मी म्हणालो, "काहीही कापायचे नाही." त्याने तो डबा अखंड उतरवून ठेवला आणि नवा छोटा फिल्टर बसवला. खर्च वाढला, आठ दिवस जास्त गेले. जुने दोन्ही कार्बुरेटर मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्या डब्याबरोबर एका पेटीत ठेवले.

गाडी सुरू झाली. पूर्वीची ती उसळी गेली, हे कबूल केले पाहिजे. पण आता ती घाट चढते आणि चौकात शांत उभी राहते.

गेल्या दिवाळीत दादा आला. मी त्याला काही कळवले नव्हते. त्याने किक मारली, क्षणभर ऐकले आणि म्हणाला, "आवाज बदललाय."

मी पेटी आणली. माझा नियमही सांगितला, जरा अभिमानानेच. त्याने एक कार्बुरेटर हातात घेतला, बोटाने पुसला.

"प्रत्येक वस्तू आपल्या सोयीची करीत गेलो, तर ती आपल्यासारखी होते. बाबांसारखी राहत नाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "असो. पण मला विचारायचं होतंस."

मी कादंबऱ्या लिहितो. माणसांच्या तोंडी उत्तरे घालणे हा माझा धंदा. त्या वेळी मला एकही सुचले नाही. मागून येणाऱ्याचा मी विचार केला होता, बरोबरच्याचा केला नव्हता. लोखंडाला परतीची वाट ठेवली आणि भावाला साधे एक पत्र घातले नाही. दोघांच्या विहिरीवर मी दोघांचीही पाळी एकट्यानेच घेतली होती.

संध्याकाळी माझ्या मुलीला मागे बसवून तो राजूरच्या घाटापर्यंत जाऊन आला. काही बोलला नाही. भाऊबीज आटोपून निघताना मात्र दारातून वळला.

"ती पेटी माळ्यावर ठेवू नकोस," तो म्हणाला. "पावसाळ्यात ओल धरेल."