रुग्णशय्या आणि वृक्षच्छाया

महाराष्ट्राच्या सीमेस लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग आजही वनाखाली आहे. बैहरकडील गोंड-बैगा वस्त्यांतून जो रोगी वैनगंगेकाठच्या बालाघाट शहरात उपचारार्थ आणला जातो, तो साल, मोह आणि बांबू ह्यांच्या सहवासातून उठून चार भिंतींत येतो. त्यास औषध द्यावयाचे, हे निर्विवाद. परंतु झाडही द्यावयाचे काय, असे विचारताच व्यवहारी लोक हसतात. जेथे खाटा अपुऱ्या तेथे बाग कसली, असे ते म्हणतात. आणि हे म्हणणे थट्टेवारी नेण्याजोगे नाही.

तथापि झाड म्हणजे केवळ शोभा, हे त्यातील गृहीत आम्हांस मान्य नाही. अमेरिकन संशोधक रॉजर उल्रिच ह्यांनी १९८४ साली पेन्सिल्वेनियातील एका इस्पितळाच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत, तीव्र वेदनाशामकेही पहिल्यांना कमी लागली. एवढ्याशा संख्येवर सिद्धान्त उभारू नये, हे खरे. पण झाडामुळे खाटच लवकर रिकामी होत असेल, तर दोहोंत वैर ते कोणते?

शिवाय रोग्याने बाग नुसती पाहावी असेही नाही. वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात १९५१ साली बाबा आमटे ह्यांनी सहा कुष्ठरोग्यांसह आनंदवन आरंभिले, तेव्हा ज्यांचा स्पर्शही समाजास नकोसा होता त्यांनीच ती जमीन हिरवी केली.

आपल्याकडे मात्र इमारतीची आखणी होताच जागेवरचा जुना वृक्ष आधी तोडला जातो आणि उद्घाटनास कुंड्या मांडल्या जातात. कुंडीच्या सावलीत कोण बसणार? रुग्णाचे आप्त तर कित्येक दिवस आवारातच काढतात. देवळापुढील पिंपळास पार बांधणाऱ्या आपल्या समाजास हे समजावयास हवे. इस्पितळातील झाडासही टेकण्यापुरता पार असावा. वाट सपाट, चाकाची खुर्ची जाईल इतकी रुंद, धरावयास कठडा. कारंजी नकोत, मलेरियाने वर्षानुवर्षे गांजलेल्या मुलखात साचलेले पाणी डासांच्याच सोयीचे. आणि नवे रोप लावावयाचे असेल, तर पहिले दोन-तीन उन्हाळे त्यास पाणी कोणी घालावयाचे, तेही खड्डा खणण्यापूर्वीच ठरवावे.