गणवेशातील शुश्रूषा

गेल्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला असता आमच्या धर्मग्रामाच्या एका दूरच्या गावातून एक शेतकरी गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन आमच्याकडे आले. मुलीने 'नीट' परीक्षा दिली होती आणि लष्करी परिचर्या सेवेसाठी अर्ज करण्याचा तिचा मनोदय होता. वडिलांना चिंता होती ती लग्नाची. मुलीचा प्रश्न मात्र निराळा होता. "फादर, मी ज्याला बरं करीन, तो उद्या पुन्हा बंदूक उचलणार. मग त्याच्या गोळीत माझाही वाटा असेल का?"

सेवा हीच ईश्वरभक्ती, असे काहीसे ठरावीक उत्तर आम्ही दिले. तिने मान डोलावली. पण तिचे समाधान झाले नव्हते, हे आम्हांस कळले. त्या प्रश्नाचा विचार आम्ही नंतर केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आपल्या घरांतील अनेक मुली आज परिचर्येच्या मार्गाने जात आहेत.

प्रथम ही सेवा काय आहे ते पाहू. 28 मार्च 1888 रोजी दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या आणि भारतातील लष्करी रुग्णालयांत शिस्तबद्ध शुश्रूषेचा पाया घातला गेला. 1 ऑक्टोबर 1926 रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवा स्थापन झाली व 1943 साली परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईतील नौदलाचे 'अश्विनी' रुग्णालय आणि दिल्ली, कोलकाता, लखनौ, बंगळूर येथील संस्थांत मुलींना बी.एस्सी. नर्सिंगचे चार वर्षांचे शिक्षण मिळते. शिक्षणाचा भार सरकार उचलते. मोबदल्यात किमान पाच वर्षे सेवा करण्याचा करार करावा लागतो. त्यानंतर लेफ्टनंट म्हणून नियुक्ती होते. धानाच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घराला याचे मोल काय, हे सांगावयास नको. पोटासाठी नोकरी शोधणे हा दोष नव्हे. परंतु करारावर सही करण्यापूर्वी सदसद्विवेकाचा कौल घ्यावयास हवा.

वडिलांच्या चिंतेचे उत्तर तुलनेने सोपे होते. विवाह केला म्हणून परिचारिकेला सेवामुक्त करण्याचा नियम एके काळी होता. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 साली याच कारणाने सेवा सोडावी लागली. तो नियम 1995 साली मागे घेतला गेला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सेवामुक्ती अन्यायाची ठरवून साठ लाख रुपयांची भरपाई देवविली.

मुलीच्या प्रश्नाकडे वळू. नीतिशास्त्रात एक जुना भेद आहे. लोहाराने धान कापणीसाठी विळ्याला धार लावून दिली आणि कोणी त्याच विळ्याने भावावर वार केला, तर लोहार दोषी ठरत नाही. परंतु भांडण पेटले आहे, हे ठाऊक असूनही वार करावयास निघालेल्याचा विळा त्याने परजून दिला, तर तो निर्दोष कसा राहील? लष्करी परिचारिका यांपैकी कोणता लोहार? जवान युद्धावर जाणार, हे तर तिला ठाऊकच असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली असे प्रतिपादिले की, देशरक्षणाचे कर्तव्य योग्य रीतीने बजावणारा सैनिक शांततेच्याच रक्षणास हातभार लावतो. हे उत्तर खरे असले तरी अपुरे वाटते. कारण मग प्रत्येक युद्ध न्याय्य आहे काय, याचा निवाडा करूनच परिचारिकेने पट्टी बांधावी, असे होईल.

आमच्या मते चूक उपमेत आहे. जखमी मनुष्य म्हणजे बोथट झालेला विळा नव्हे. पुण्यात 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीला 1974 पासून अर्धांग लुळे पडलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथील चाकाच्या खुर्चीवरील माणूस पुन्हा रणात उतरावयाचा नाही. सैनिकाची डागडुजी एवढाच शुश्रूषेचा अर्थ असता, तर त्याच्या उशाशी कोणी बसलेच नसते. शुश्रूषा त्याच्या देहात प्राण आहे म्हणून होते, तो उपयोगाचा आहे म्हणून नव्हे.

कायदाही हेच सांगतो. 1949 च्या जिनिव्हा करारांना भारताने 1960 च्या अधिनियमाने आपल्या कायद्यात स्थान दिले आहे. त्यांनुसार जखमी शत्रूचीही शुश्रूषा करावयाची, आणि कोणाला आधी पाहावयाचे हे केवळ जखमेची निकड ठरवील. हुद्दा वा राष्ट्र नव्हे. याविरुद्ध आज्ञा आली, तर ती पाळण्यास परिचारिका बांधलेली नाही. संत कमिलस स्वतः पूर्वायुष्यात सैनिक होते. त्यांच्या संघाच्या झग्यावर 1586 पासून तांबडा क्रूस आला आणि पुढे त्यांचे बंधू हंगेरीच्या रणभूमीवर जखमींच्या सेवेस गेले. रेडक्रॉसचा जन्म त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी झाला.

हे सारे लिहिणे सोपे, आचरणे कठीण. आपल्याच जिल्ह्यातील सालेकसा, देवरी या तालुक्यांनी कित्येक वर्षे नक्षलवादी हिंसेची झळ सोसली आहे. एका खाटेवर जखमी पोलीस आणि शेजारच्या खाटेवर त्याच्यावर गोळी झाडणारा तरुण, दोघेही याच मातीतले, असे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. दोघांना सारखेच पाणी पाजणाऱ्या परिचारिकेचे कौतुक आपण करू, की तिला फितूर म्हणू? आपली मुलगी या सेवेत धाडणाऱ्या घराने हा प्रश्न आधी स्वतःस विचारावा. तिला विवेकाने वागावयाचे असेल, तर तिच्या पाठीशी घरही तसेच हवे.

पावसाळा लागल्यावर पितापुत्री पुन्हा आले, तेव्हा हे सारे आम्ही त्यांना सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शत्रूचा माणूस आणला, अन् आपलाही तिथंच पडून असला, तर पोरीनं काय करायचं, फादर?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच मुलगी म्हणाली, "ज्याचं रक्त जास्त वाहतं, त्याचं आधी थांबवायचं, बाबा."

आम्ही त्यात काही भर घातली नाही.