सही जुळत नाही

नकार देण्याच्या कलेत आम्ही बँकवाले पूर्वीपासून वाकबगार. 'साहेब जेवायला गेलेत', 'लिंक नाही', 'उद्या या' ही आमची रोजची शस्त्रं. आणि ब्रह्मास्त्र म्हणजे 'सही जुळत नाही'. एवढं म्हटलं की भलाभला माणूस बाकावर बसून स्वतःचीच सही गिरवायला लागतो. पण माझ्या साडेचार महिन्यांच्या भाच्याने दुधाच्या बाटलीला ज्या रुबाबात नकार दिला, तो पाहून मी त्याला मनातल्या मनात हेड कॅशियर करून टाकलं.

व्यवहार तसा साधा होता. धाकटी बहीण चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते. १९६१ च्या कायद्यात बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचंच दूध द्यावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आकडे कसे ताळेबंदासारखे जुळतात! पण हिने त्यातले चार आठवडे बाळंतपणाआधीच वापरलेले. तेव्हा ही कामावर जाणार ती बाळ पाच महिन्यांचं असताना. दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि ते दुपारी घरातल्या कुणीतरी पाजायचं, असं ठरलं. फ्रीजला पर्याय नव्हता. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं म्हणतात, पण ती खोली २५ अंशांची हवी. आमच्या संभाजीनगरात मे महिन्यात अशी खोली कुणाकडे असेल तर मी स्वतःच तिथे राहायला जाईन.

बाळाने बाटलीचं बूच ओठांना लागताच तोंड फिरवलं. दूध आईचं, भांडं नवं, म्हणजे रक्कम बरोबर आणि सही चुकीची. प्रकरण नामंजूर!

मग सल्ले आले. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. शेजाऱ्यांना हा कायदा लागू नाही. एक काकू म्हणाल्या, "आजीला आईची ओढणी गुंडाळायला सांगा, वासाने फसेल." आईने ओढणी गुंडाळली. बाळाने ओढणी हुंगली, मान वर करून आजीचा चेहरा पाहिला आणि असा टाहो फोडला की आई ओढणी टाकून देवघरात गेली. दुसऱ्या म्हणाल्या, "झोपेत पाजा." तिसऱ्या अनुभवी. "चार तास उपाशी ठेवा. झक मारत पिईल."

त्या रात्री बहिणीने विचारलं, "दादा, आपण त्याला फसवतोय का रे?"

मी कॉमर्सचा पदवीधर. नीतिशास्त्राशी माझा संबंध चारशेवीसपुरता, आणि तेही कलम आता ३१८ झालंय. तरी प्रश्न डोक्यातून जाईना. वेरूळच्या १४ व्या लेण्यात सप्तमातृका आपापली मुलं घेऊन बसल्यात. त्यांच्यापैकी एकीलाही सकाळची बस गाठायची नव्हती. कामाला गेलेली आई म्हटली की आपल्याला आठवते ती हिरकणी. गडाचे दरवाजे मिटले म्हणून तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरली. आपण तिच्या नावाचा बुरूज दाखवतो, एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष काढतो. पण त्या संध्याकाळी खाली घरात तिचं बाळ कुणाच्या मांडीवर होतं, आणि त्या बिचाऱ्याने वाटी-चमचा घेऊन किती विनवण्या केल्या, याची नोंद कुठल्याच दफ्तरात नाही. मला मात्र आता त्या अनामिकाबद्दल आपुलकी वाटू लागली.

दूध खरं होतं, गरज खरी होती. फसवणूक कुठे असलीच तर ती ओढणीत होती. दुसऱ्याची सही करून पैसे काढावेत, तसा प्रकार. आणि उपाशी ठेवणं ही तर शुद्ध सावकारी! गरजवंताला अक्कल नसते, हे खरंच. पण म्हणून गरजवंताचा होकार होकार धरायचा का? ज्याच्या 'नाही'ला आपण किंमत देत नाही, त्याच्या 'हो'ची पावती फाडून उपयोग काय?

डॉक्टरीणबाईंनी तेच निराळ्या भाषेत सांगितलं. भूक पेटायच्या आधी, बाळ खुशीत असताना द्या. आई त्या वेळी खोलीत नको. अंगावर पिताना बाळ ओढतं तसं दूध येतं. बाटलीतून ते आपोआप वाहतं, म्हणून बारीक भोकाचं बूच घ्या. बाळाला बसतं धरा, बाटली आडवी धरा, बूच ओठांना लावा आणि थांबा. तोंड उघडलं तर ठीक, फिरवलं तर गुमान बाजूला ठेवा. आणि वाटी-चमचा केव्हाही बरा, धुवायला सोपा. ज्या शहराने नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं दिवस मोजले, त्याला हे शेवटचं वाक्य फोड करून सांगावं लागत नाही.

काम माझ्याकडे आलं. मामाच्या अंगाला येतो तो जुन्या नोटांचा वास, त्यामुळे आई असल्याचा संशय येण्याचं कारणच नव्हतं. मी रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन बसायचो. तो रोज नकार द्यायचा. मी "बरं साहेब" म्हणून बाटली ठेवायचो आणि आम्ही खिडकीतून रिक्षा मोजायचो. तेव्हा लक्षात आलं की हा काही बाटली शिकत नाहीये, मला तपासतोय. आईवरचा विश्वास पाठीमागे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ज्याला हवा त्याने शून्य शिलकीवर स्वतःचं खातं उघडायचं.

नवव्या दिवशी त्याने बूच चावलं, माझा चेहरा नमुन्याच्या सहीशी ताडून पाहावा तसा बराच वेळ पाहिला आणि ३० मिली दूध प्यायला. दहाव्या दिवशी पुन्हा नाही म्हणाला. चालायचंच, खातेदाराची मर्जी.

आता बहीण कामावर जाते. तो आजीकडून वाटी-चमच्याने पितो, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी माझ्याकडून बाटलीने. खुद्द आईने बाटली पुढे केली तर मात्र अजूनही तोंड फिरवतो. बरोबरच आहे. मूळ प्रत समोर असताना झेरॉक्स कोण स्वीकारतो?