धूर धरायचा की धाडायचा?

कारखान्याची चिमणी किती उंच असावी, यासाठी आपल्याकडे एक सूत्र ठरलेले आहे. तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो तो आकडा घ्यायचा, त्याचा 0.3 घात काढायचा आणि 14 ने गुणायचे. येतील तितके मीटर. तासाला शंभर किलो वायू सोडणाऱ्याला साधारण 56 मीटरचे धुरांडे लागते, दोनशे किलो सोडणाऱ्याला 69 मीटरचे. म्हणजे वायू दुप्पट झाला, तरी तेरा मीटर जादा बांधकाम केले की सूत्रापुरते भागते. उत्सर्जनाच्या मर्यादा वेगळ्या असतात, हे मान्य. पण उंच चिमणीमागचा विचार धूर कमी करण्याचा नाहीच. तो पातळ करून लांब धाडण्याचा आहे. धातू गाळणाऱ्या उद्योगाने कितीतरी वर्षे हीच वाट धरली, आणि जिथे ती सोडली तिथेच हवा सुधारली.

तांब्याचेच पाहा. ज्या खनिजापासून जगातले बरेचसे तांबे निघते, त्या चाल्कोपायराइटमध्ये तांबे आणि गंधक वजनाने जवळजवळ सारखेच असतात. टनभर तांब्यामागे टनभर गंधक जळते आणि दोन टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. तो हवेत सोडायचा नसेल, तर त्याचे तीन टन गंधकाम्ल होते. कागदोपत्री कारखाना तांब्याचा. वजनाच्या हिशेबाने आम्लाचा.

जपानमधल्या बेश्शी खाणीच्या मालकांना, म्हणजे सुमितोमो घराण्याला, हा हिशेब फार महागात शिकावा लागला. निइहामा गावातल्या भट्ट्यांमुळे पिके करपू लागली आणि 1893 पासून शेतकरी रस्त्यावर आले. कंपनीने समुद्रातली निर्जन शिसाका बेटे विकत घेतली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भट्ट्या तिकडे हलवल्या. समुद्र धूर गिळून टाकील, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. वाऱ्याने तो धूर किनाऱ्यावरच्या आणखी मोठ्या पट्ट्यात नेऊन टाकला. 1910 च्या समझोत्यात नुकसानभरपाई ठरली, उत्पादनावर मर्यादा आली आणि पिकांच्या नाजूक दिवसांत भट्ट्या मंद ठेवण्याचे बंधन आले. शेतकऱ्याच्या पंचांगाने कारखाना चालवायचा, ही कल्पना आजही धाडसी वाटेल. 1913 मध्ये गंधकापासून खत बनवण्याचा उद्योग निघाला, आजची सुमितोमो केमिकल ही त्याचीच पुढची वाढ. उरलेला वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा 1939 मध्ये उभी राहिली, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला.

कॅनडातल्या सडबरीने तोच धडा पुन्हा गिरवला, अधिक भव्य प्रमाणावर. निकेल-तांब्याच्या भट्ट्यांनी भोवतालचे खडक काळे आणि उघडे केले होते. 1972 मध्ये इन्को कंपनीने 381 मीटरचे धुरांडे उभारले. गावातली हवा सुधारली आणि आम्लवर्षा दूरदूरच्या तळ्यांवर जाऊ लागली. 1985 मध्ये ओंटारिओ सरकारने वर्षाला 2 लाख 65 हजार टनांची मर्यादा घातली आणि मुदत दिली 1994 ची. मग कंपनीने भट्ट्या बदलल्या, ऑक्सिजन वापरला, गंधक पकडले. पुढे उत्सर्जन इतके घटले की त्या महाकाय धुरांड्याची गरजच उरली नाही. 2020 मध्ये ते वापरातून गेले. माझ्या मते यातली निर्णायक गोष्ट यंत्रे नव्हेत. टनांत सांगितलेली मर्यादा आणि न हलणारी तारीख, या दोन गोष्टींनी ती यंत्रे आणली.

आपल्याकडेही असेच एक स्थलांतर झाले आहे, पण त्याची आठवण आपण फारशी काढत नाही. स्टरलाइटचा तांब्याचा प्रकल्प आधी रत्नागिरीत यायचा होता. जागा मिळाली, बांधकाम सुरू झाले. आंबा बागायतदार आणि गावकऱ्यांच्या विरोधामुळे 1993 मध्ये काम थांबले. हापूस वाचला, विषय मिटला. प्रकल्प तमिळनाडूत तूतुकुडीला गेला. तिथे 2018 च्या 22 मे रोजी, प्रदूषणाविरुद्ध निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तेरा माणसे मेली. कारखाना बंद झाला. तांबे निर्यात करणारा आपला देश ते आयात करू लागला. रत्नागिरीकर चुकले, असे मी म्हणणार नाही. आपल्या अंगणापुरते त्यांनी योग्यच केले. पण ‘इथे नको’ आणि ‘असा नको’ या दोन मागण्यांमध्ये फरक आहे, आणि दुसरी मागणी महाराष्ट्राने कधी जोराने केलीच नाही. आता आयात केलेल्या तांब्याचा धूरही कुणाच्या तरी गावावर पसरतोच.

तांबे गाळणाऱ्या मोठ्या कारखान्याला निदान आम्ल विकता येते. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावातल्या फाउंड्रीवाल्याकडे विकण्याजोगा धूरच नाही. कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्टीतून निघते ती धूळ, कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा गंधकाचा वायू. विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली की शिरोलीचे आकाश निवळते, हे खरे. पण तिची वीज कोळशावर तयार होत असेल, तर धुराचा काही भाग चंद्रपूरसारख्या गावाच्या वाट्याला जातो. तिथे तो एका जागी पकडता येतो, हा फायदा मोठा आहे, मात्र पकडणारी यंत्रणा बसवली आणि चालवली तरच. दुसरा मार्ग हावड्यात दाखवला गेला होता. टेरी संस्थेने 1998 मध्ये स्वित्झर्लंडच्या मदतीने तिथे सुधारित कुपोला उभारला. त्यात हवा दोन थरांतून सोडतात, म्हणून कोक वाचतो. जोडीला धूर धुणारा स्क्रबर. भट्टीतला बदल कोकच्या बिलातून वसूल होतो. स्क्रबरचे मात्र तसे नाही. त्याला वीज लागते, पाणी लागते, गाळ उचलावा लागतो आणि परत काहीच येत नाही.

या फाउंड्र्यांकडून माल घेणाऱ्या वाहन कंपन्यांचे खरेदी अधिकारी कास्टिंगचा भाव किलोवर पाडून घेतात. त्या किलोमागच्या भावात स्क्रबर चालवण्याचे पैसे धरलेले नसतील, तर लहान फाउंड्रीचा मालक तपासणीच्या दिवशी तो चालू करील आणि अधिकाऱ्याची गाडी फाटकाबाहेर पडली की बंद करील.