बागेचें मोल

सेवाग्रामच्या बापूकुटीसमोर उभें राहिलें कीं आम्हांस नेहमीं एक प्रश्न पडतो: सुंदर वास्तूकडे पाहतांना तिच्यापायीं कोणीं काय गमावलें, हें विचारणें रसिकाचें कर्तव्य आहे काय?

हा प्रश्न तेथेंच सुचावा यास कारण आहे. ही कुटी मूळची मीराबहेन यांची. मातीच्या भिंतीवरील ताडाचीं झाडें त्यांनींच उठविलेलीं. एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या या कन्येचें बालपण बव्हंशीं आजोबांच्या खेड्यांतील विस्तीर्ण वाड्यांत गेलें होतें.

असल्या वाड्यांचा इतिहास मनोरंजक, तितकाच बोचक आहे. आठव्या हेन्रीनें १५३६ ते १५४० या काळांत इंग्लंडांतील मठ मोडले. त्यांच्या जमिनी सरदार-दरकदारांच्या हातीं गेल्या, आणि कित्येक वाड्यांच्या नांवांत ‘ॲबी’ हा मठवाचक शब्द आजही उरला आहे. यॉर्कशायरमधील हेअरवुडचा वाडा वेस्ट इंडीजमधील साखर व गुलामगिरी यांच्या पैशावर अठराव्या शतकांत उभा राहिला. डॉर्सेटमध्यें लॉर्ड मिल्टन यानें वाड्याशेजारचें गांव डोळ्यांस खुपतें म्हणून पाडून दूर वसविलें. बागेच्या कडेस तर असा चर खणीत कीं गुरें आंत येऊं नयेत, पण वाड्यांतून कुंपणही दिसूं नये.

कोणी म्हणेल, फुलास त्याच्या खताचा पत्ता विचारूं नये. आज त्या बागांतून सामान्य जनही फिरतात. त्यांचा आनंद खोटा आहे असें आम्हीही म्हणत नाहीं. फूल निर्दोषच आहे. परंतु विसरणारा निर्दोष नाहीं. चराचें अपुरें राहिलेलें काम विस्मृति पुरें करते.

मग कुटी तरी निष्कलंक काय? १९३६ सालीं गांधीजी येथें राहावयास आले तेव्हां सेगांवची मालगुजारी जमनालाल बजाज यांची होती. साधेपणासही धनिकाच्या जमिनीचा आधार लागला; मालगुजारी नष्ट झाली ती पुढें १९५१ सालीं. भेद इतकाच कीं, कुटीभोंवतीं गांव लपविणारा चर नाहीं. माती, बांबू, कवेलू कोठून आले हें पाहणारास तत्काळ उमगतें.

आमच्याही अंगणांत चार कुंड्या असतात. त्यांस पाणी घालणारीच्या वस्तींत नळ आहे कीं नाहीं, हें आम्हांपैकीं कितीजणांस ठाऊक आहे? ठाऊक नसेल, तर चर आमच्या दारींही खणलेला आहे.