भाकरी कुणाच्या मालकीची?

दानाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक देणाऱ्याच्या बाजूने. जकात कुणावर फर्ज आहे, अडीच टक्के कशाकशावर काढायचे, निसाब किती, हे रमजानमध्ये मशिदी-मशिदींतून सांगितले जाते. पण दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातात पडल्यावर ती कुणाची, हा प्रश्न क्वचितच निघतो. आमच्यापुढे तो आला सोलापुरात, आठवीच्या मुलींना घेऊन मोहल्ल्यातील एक खिदमत केंद्र पाहायला गेलो त्या दिवशी.

केंद्र लहानच. सकाळी शिलाईचा वर्ग, एका कपाटात औषधे आणि दुपारी मोफत जेवण. जेवायला येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या म्हाताऱ्या बायकाच जास्त. हजार विड्यांची मजुरी ती काय, आणि बोटे आखडली की तीही जाते.

व्यवस्थापकांनी आग्रहाने आम्हालाही दस्तरखानावर बसवले. डालचा, भात आणि ज्वारीची भाकरी. आमच्यातील एक शिक्षिका बसेनात. पगारदार माणसाने हे कसे खायचे? शंका रास्त होती. जकातीच्या हक्कदारांचे आठ वर्ग सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत नेमून दिले आहेत. अनुदानित शाळेचा मास्तर त्यांत बसत नाही. (कर्जात बुडालेला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तसेही आहेत!) व्यवस्थापकांनी खुलासा केला, जकातीची पेटी वेगळी, लिल्लाहची वेगळी; स्वयंपाक लिल्लाहच्या पैशातून होतो. मग बाई बसल्या.

जेवताना शेजारच्या खालांनी आपल्या ताटातील भाकरी उचलून आमच्या एका मुलीच्या ताटात ठेवली. “खा ले बेटी, शरमाव नक्को.” मुलीने आमच्याकडे पाहिले. घ्यावी की नको?

येथे बरीरा (र.) यांची हदीस आठवते. गुलामीतून मुक्त झालेल्या या बाईंना कुणी सदक्याचे मांस दिले होते. प्रेषित मुहम्मद (स.) सदका खात नसत. तरी ते मांस त्यांनी स्वीकारले. कारण बरीरांसाठी तो सदका असला तरी त्यांच्याकडून येताना तो हदिया झाला होता. मांस तेच. फक्त मधे बरीरा त्याच्या मालकीण झाल्या, आणि मालकीण झाल्या म्हणूनच त्या देऊ शकल्या. आम्ही मुलीला “घे” म्हणालो.

पण खालांची भाकरी खरोखर खालांची होती का? भिंतीवर पाटी होती: जेवण येथेच बसून करावे, डबा मिळणार नाही. म्हणजे पोटात जाईल तेवढेच त्यांचे. हनफी फिकहमध्ये नुसते बसवून जेवू घातल्याने जकात अदा होत नाही. त्याला ‘इबाहत’ म्हणतात, केवळ खाण्याची मुभा. जकातीला ‘तमलीक’ लागते. अन्न मालकी हक्काने हाती द्यावे लागते; मग घेणारा खावो, विको, नाहीतर लेकीकडे पाठवो. लिल्लाहच्या जेवणाला ही अट नाही, त्यामुळे पाटी शरीअतविरुद्ध आहे असे आमचे म्हणणे नाही. पण अशी अट मुळात का असावी? गरीब म्हणजे भरायचे पोट नव्हे, त्यालाही द्यावेसे वाटते, हे फकीहांना कळत होते असे आम्हाला वाटते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धान्याच्या पिशवीसह बायकांचे फोटो काढले गेले. पिशवी तिची झाली असे मानणारा माणूस तिच्यासमोर कॅमेरा धरणार नाही.

व्यवस्थापकांना डब्याविषयी विचारले. ते चिडले नाहीत. म्हणाले, “डबे सुरू केले होते. दोनच आठवड्यांत शेवटी येणाऱ्यांना नुसता भात उरू लागला. आणि शेवटी येतात त्या धड चालू न शकणाऱ्या. त्यांना काय सांगू?”

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. भुकेल्याला रिकामे परत पाठवून कुणाची इज्जत राखली जाणार? तरी मोजून देता येईल, असे आम्ही सुचवले. माणशी दोन भाकऱ्या हातात द्याव्यात आणि पुढे विचारू नये. त्या नातवासाठी पदरात बांधायच्या की अनोळखी मुलीच्या ताटात ठेवायच्या, ते खाला पाहतील.

व्यवस्थापक हो म्हणाले नाहीत. जुम्याला कमिटी बसते, तिच्यापुढे ठेवतो म्हणाले.